हायड्रोलाइज्ड डॉग फूड: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या खंड्याला हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं, म्हणजे प्रोटीनचे बारीक तुकडे केलेलं ड्राय फूड सुरू करून आता आठ-नऊ महिने होतील. खाज जवळजवळ गेली आहे, कान स्वच्छ आहेत, शी घट्ट होते. ज्यांच्या कुत्र्याला बारा महिने खाज आहे आणि दुकानातल्या दहा पिशव्या बघून डोकं गरगरतंय, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खंड्याला जे मानवलं ते तुमच्याकडे मानवेलच असं नाही, पण ज्या रीतीने आम्ही तिथवर पोचलो ती रीत कुठल्याही कुत्र्याला लागू पडेल.

खंड्या पाच वर्षांचा, लॅब्रॅडॉर मिश्र, अंगाने फिकट. पुढचे पंजे तो इतके चाटायचा की बोटांमधले केस लाळेने तांबूस झाले होते. कानात तपकिरी मळ आणि आंबूस वास. डॉक्टरांनी स्लाइड करून यीस्ट (एक प्रकारची बुरशी) दाखवलं, ड्रॉप्सनी ते बरं व्हायचं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. अधूनमधून पातळ शी, तिच्यावर आव, मग फरशीवर बूड घासत जाणं. रात्री कान खाजवताना गळ्यातला बिल्ला पट्ट्याच्या कडीवर आपटायचा, आणि त्या आवाजाने घरातलं प्रत्येक जण उठायचं.

फूड बदलायच्या आधी डॉक्टरांनी बाकीची कारणं बाजूला केली: पिसवा, खरजेचे किडे, कानातलं आणि त्वचेवरचं इन्फेक्शन. ही पायरी गाळू नका. पिसवांच्या अ‍ॅलर्जीची खाज बहुधा शेपटीच्या बुडाशी आणि पाठीच्या मागच्या भागात जास्त असते. खाण्याची अ‍ॅलर्जी आणि धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी मात्र दिसायला अगदी सारख्या. दोन्हीत कान, पंजे, काखा, जांघा. नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही.

रक्ताची टेस्ट करू या का, असं मी विचारलं होतं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केस यांच्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ठणठणीत कुत्र्यांचे रिपोर्टसुद्धा पॉझिटिव्ह येतात. एकच खात्रीचा मार्ग आहे: एलिमिनेशन डाएट. ठरलेलं एकच फूड, त्याखेरीज काहीही नाही, किमान 8 आठवडे. 8 आठवडेच का, तर 2015 मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 90 टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना तोवर आराम पडलेला दिसला. दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून पिशवी बदलणारे खूप जण बघितलेत. त्यांना कधीच उत्तर मिळत नाही, आणि कुत्रा खाजवत राहतो.

आता निवडीबद्दल. आमच्यावर सल्ल्यांचा पहिला मारा झाला तो 'ग्रेन फ्री घ्या', म्हणजे धान्य नसलेलं घ्या, असा. 2016 च्या एका आढाव्यात 297 कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यात बीफ 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना बाधत होते. मका आणि तांदूळ यादीत खूप खाली. म्हणजे मुख्य आरोपी धान्य नाही, मांस आणि दूध आहे, आणि तेही बहुतेक त्यामुळेच की कुत्र्यांना तेच वर्षानुवर्षं खायला मिळतं. अ‍ॅलर्जी आधी पोटात गेलेल्या गोष्टीचीच होते. शिवाय वाटाणा-मसुरासारख्या कडधान्यांवर चालणाऱ्या, विशेषतः ग्रेन फ्री फूडचा डीसीएम या आजाराशी (यात हृदयाचे स्नायू कमजोर होऊन हृदय फुगतं) काही संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) जुलै 2018 मध्ये जाहीर केली होती. हेच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही. पण ज्या गोष्टीचा खंड्याच्या खाजेशी संबंध असण्याची शक्यता कमी, तिच्यासाठी ही शंका अंगावर का घ्यायची, असं मला वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरा सल्ला होता 'लॅम्ब अँड राइस'. इथे पिशवीची मागची बाजू वाचायची सवय लागली. पुढे मोठ्या अक्षरांत लॅम्ब, आणि मागे घटकांच्या यादीत चौथ्या-पाचव्या जागी चिकन मील (चिकन सुकवून केलेली भुकटी), त्यापुढे चिकन फॅट. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि हे वजन पाण्यासकट धरतात. त्यामुळे ताजं मांस सहज पहिल्या नंबरवर येतं. कोरडं केलेलं मील खाली दिसलं तरी प्रोटीन त्यातूनच जास्त येत असू शकतं. वाटाणे, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचा स्टार्च अशी एकाच वस्तूची तीन नावं करून प्रत्येकाला यादीत खाली ढकलण्याचा प्रकारही दिसतो. 'प्रीमियम', 'नॅचरल', 'सेन्सिटिव्ह स्किन' या शब्दांवरून आत काय आहे ते काहीच कळत नाही. मी एकच ओळ शोधते: हे फूड कोणत्या वयासाठी संपूर्ण आणि संतुलित आहे, आणि ते एएएफसीओ (अमेरिकेतली) किंवा एफईडीआयएएफ (युरोपातली) या पेट फूडचे निकष ठरवणाऱ्या संस्थांच्या निकषांप्रमाणे आहे का.

खरे पर्याय दोनच उरतात. एक, कुत्र्याने आजवर न खाल्लेलं प्रोटीन. दोन, हायड्रोलाइज्ड. पहिला ऐकायला सोपा वाटतो, पण चिकन बाधणाऱ्याला बदक किंवा टर्की बाधू शकतं, बीफ बाधणाऱ्याला लॅम्ब. आणि दुकानात सहज मिळणाऱ्या 'मोजक्या घटकां'च्या फूडची तपासणी झाली तेव्हा पिशवीवर न लिहिलेली प्रोटीन त्यात सापडल्याचं एकापेक्षा जास्त अभ्यासांत आलंय. एरवी त्याने बिघडत नाही. पण ज्या कुत्र्याची परीक्षाच चाललीय, त्याच्या बाबतीत अशा भेसळीने सगळ्या आठवड्यांवर पाणी फिरतं. म्हणून आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणारं हायड्रोलाइज्ड घेतलं.

हायड्रोलाइज्ड म्हणजे एन्झाइम वापरून प्रोटीनचे बारीक तुकडे केलेले. शरीराची प्रतिकारशक्ती प्रोटीनला त्याच्या आकारावरून ओळखते. माळेतून सुटलेले मणी बघून माळ कोणती होती ते सांगता येत नाही, तसे हे तुकडे तिच्या लक्षात येत नाहीत. मूळ प्रोटीन कोणतं, हे कंपनीगणिक बदलतं: रॉयल कॅनिनच्या हायपोअ‍ॅलर्जेनिकमध्ये सोया, त्यांच्याच अ‍ॅनॅलर्जेनिकमध्ये पिसं, हिल्सच्या झेड/डी मध्ये चिकन लिव्हर. हे बघणं महत्त्वाचं, कारण तुकडे पुरेसे बारीक झाले नसतील तर काही कुत्र्यांना मूळ प्रोटीनचा त्रास तरीही होतो. खंड्याचं सगळं आयुष्य चिकनवर गेलेलं, संशयही चिकनचाच, म्हणून आम्ही सोयाचं निवडलं.

जुन्या फूडमध्ये थोडं थोडं मिसळत आठवड्याभरात पूर्ण बदल केला. पहिले काही दिवस त्याने वाटीत तोंड घालून मान वर केली आणि आमच्याकडे बघत बसला. चवीला हे जरा कडवट असतं म्हणतात. कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं की वास सुटतो आणि तो खातो. आता सवय झालीय, कोरडंही खातो. सुरुवातीला शी मऊ झाली, मग आपोआप बसली.

फूडपेक्षा घर सांभाळणं अवघड गेलं. सासूबाईंचा खंड्यावर भारी जीव, त्यांच्या ताटातला शेवटचा घास कायम त्याचा. त्यांना 'देऊ नका' म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून सकाळीच त्याच्या दिवसभराच्या मापातले मूठभर दाणे एका डबीत काढून ती डबी त्यांच्या हाती दिली. जेवताना तो शेजारी बसतो, त्या डबीतला एकेक दाणा देतात. त्याला कशाशी देणंघेणं नाही, आजीच्या हातून मिळालं म्हणजे झालं! मुलांच्या जेवणानंतर टेबलाखालून केर काढल्याशिवाय त्याला आत सोडत नव्हतो. जंताची चघळायची गोळी मांसाच्या चवीची निघाली, डॉक्टरांनी बिनचवीची बदलून दिली. टूथपेस्टही चिकनच्या चवीची होती, ती बंद. कॅप्सूलचं जिलेटिनसुद्धा प्राण्यांपासूनच येतं. औषधाच्या प्रत्येक खोक्यावर एकदा नजर टाकाच.

सगळ्यात आधी पोट सुधारलं, दोन-तीन आठवड्यांत. त्वचेने वेळ घेतला. रोज रात्री झोपताना खाजेला शून्य ते दहा यांतला एक आकडा कॅलेंडरवर लिहायचा, एवढंच मी केलं. सुधारणा इतक्या हळू होते की मनाला कळत नाही, कॅलेंडरवर कळते. दुसरा महिना सरत आला तेव्हा आकडे एक-दोनवर स्थिर झाले. पंजांवर मुळाशी नवे केस फिकट येऊ लागले आणि वर जुनी तांबूस टोकं उरली, ते बघून मला फार बरं वाटलं.

मग आला तो भाग जो बहुतेक जण टाळतात: जुनं फूड पुन्हा देऊन बघणं. बऱ्या झालेल्या कुत्र्याला जाणूनबुजून तेच द्यायला मन धजत नाही. पण त्याशिवाय फरक फूडमुळे पडला की ऋतू बदलल्यामुळे की औषधामुळे, हे ठरत नाही. त्रास व्हायचा तर बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आत दिसतो. खंड्या काही दिवसांतच पंजे चाटायला लागला, आम्ही लगेच परत फिरलो आणि तो शांत झाला. नंतर डॉक्टरांशी बोलून एकेक घटक वेगळा करून बघितला. उकडलेल्या नुसत्या चिकनने खाज आली. अंड्याने नाही, तांदळानेही नाही. आज आमच्याकडे अंदाजाच्या जागी यादी आहे, आणि माझ्या मते या महिन्यांची खरी कमाई तीच.

तक्रारी आहेतच. हे फूड महाग पडतं, मोठ्या कुत्र्याला तर फारच. पिशवीच्या तळाशी चुरा बराच निघतो. मधेच माल मिळेनासा होतो, म्हणून पिशवी निम्मी झाली की दुसरी मागवते. डब्यात ओतून ठेवू नका; मूळ पिशवी घट्ट दुमडून कोरड्या जागी ठेवा, म्हणजे त्यातलं तेल लवकर खवट होत नाही आणि पिशवीवरचा बॅच नंबरही हाताशी राहतो.

ज्यांच्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलाय, त्यांनी मात्र आणखी एक हिशोब करावा, कारण अशा कुत्र्यांना जास्त फॅट सहसा मानवत नाही. हायड्रोलाइज्ड म्हणजे कमी फॅटचं असं अजिबात नाही. आणि ओलं व कोरडं फूड यांचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत, आधी पाणी वजा करावं लागतं. कोरड्या फूडमध्ये 10 टक्के पाणी आणि 15 टक्के फॅट असेल तर 15 ला 90 ने भागायचं: सुमारे 17 टक्के. डब्यातल्या ओल्या फूडवर फॅट फक्त 5 टक्के दिसतं, पण पाणी 78 टक्के असेल तर 5 ला 22 ने भागा: जवळजवळ 23 टक्के. मिनिएचर श्नाउझर पाळणाऱ्यांनी तर हे बघावंच, त्या जातीत रक्तातली चरबी वाढण्याचं प्रमाण जास्त आहे. अशा कुत्र्यांसाठी हायड्रोलाइज्ड आणि कमी फॅट दोन्ही असलेलं फूड वेगळं मागावं लागतं. पिल्लू असेल तर वाढीच्या वयाला चालतं का, तेही विचारा.

खंड्याला हे फूड सध्या चालू ठेवतोय. पुढची चाचणी माशांची करायची आहे, ती निभावली तर चिकन अजिबात नसलेल्या माशांच्या साध्या फूडवर त्याला आणता येईल आणि खर्चही उतरेल. त्याचे आकडेही त्याच कॅलेंडरवर लिहीन आणि दोन आठवड्यांनी इथेच कळवीन.