कॉम्पटन, मोलर की मॉट? इलेक्ट्रॉन बीमचं पोलरायझेशन कशाने मोजावं

पोलरायझेशन म्हणजे बीममधल्या इलेक्ट्रॉनांची स्पिन (अंगभूत फिरकी) कितपत एकाच दिशेला आहे ते; कॉम्पटन, मोलर आणि मॉट या ते मोजायच्या तीन पद्धती. कोलायडरसाठी, म्हणजे कणांचे बीम एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रासाठी, विचारत असाल तर कॉम्पटन घ्या. पण जोडीला मोलर किंवा मॉट नसेल तर फसगत होऊ शकते.

आधी एक गफलत दूर करू. ७५ टक्के पोलरायझेशन म्हणजे शंभरातले ७५ इलेक्ट्रॉन एका दिशेचे, असं नव्हे. साधारण ८७-८८ एकीकडे, १२-१३ उलट. ७५ टक्के ही या दोन्हींतली तफावत.

कॉम्पटनमध्ये बीमवर समोरून वर्तुळाकार ध्रुवित (म्हणजे ज्याचं विद्युत क्षेत्र गोल फिरतं असा) लेझर सोडतात, त्याच्या फिरण्याची दिशा डावी-उजवी आलटून पालटून बदलतात आणि विखुरलेल्या कणांची मोजणी किती बदलते ते पाहतात. धडकतात ते मोजकेच इलेक्ट्रॉन, बाकी बीमला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रयोग चालू ठेवूनच मापन होतं. अमेरिकेतल्या स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेत ४५.६ जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणाच्या ऊर्जेचं एकक) बीमवर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर होता. धडकेनंतर १७.४ जीईव्हीपर्यंत खाली आलेल्या इलेक्ट्रॉनांत मोजणीतला हा फरक ७५ टक्क्यांच्या आसपास दिसायचा आणि अचूकता अर्ध्या टक्क्यापर्यंत गेली. तोच लेझर १ जीईव्हीच्या बीमवर लावा, फरक जेमतेम साडेतीन टक्के उरतो. मग आकडेवारी जमवत बसा.

मोलरला ऊर्जेचं फारसं सोयरसुतक नाही, ही त्याची जमेची बाजू. चुंबकित लोखंडाच्या पातळ पत्र्यावर बीम आदळवायचा आणि पत्र्यातल्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेले कण मोजायचे. मोजणीचा वेग भरपूर, काही मिनिटांत उत्तर. पण लोखंडाच्या अणूतल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी जेमतेम दोनच कामाचे, म्हणजे चुंबकत्वाने स्पिन एका दिशेला वळलेले, आणि जास्त करंट दिला की पत्रा तापून चुंबकत्व घटतं. त्यामुळे मोजायचं काही मायक्रोअँपिअरवर आणि तोच आकडा प्रयोगाच्या शंभर-दीडशे मायक्रोअँपिअरला धरायचा.

याहून मोठा धडा स्लॅकनेच दिला. अणूच्या आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन स्थिर नसतात, त्यांच्या गतीचा मोलरच्या मापनावर परिणाम होतो, हे १९९२मध्ये लेव्हचुक यांनी दाखवलं. स्लॅकच्या मोलरमध्ये ही दुरुस्ती केल्यावर आकडा १४ टक्क्यांनी खाली आला आणि तेव्हा कुठे कॉम्पटनशी जुळला. दुसरं यंत्र नसतं तर?

मॉट सोन्याच्या पत्र्यावर चालतो, तोही इंजेक्टरजवळच्या (जिथून बीम यंत्रात सोडतात) कमी ऊर्जेत, आणि त्याला फक्त आडवी, म्हणजे बीमच्या दिशेला काटकोनातली, स्पिन दिसते. बीम स्रोतातून नीट निघतोय ना, एवढं पाहायला उत्तम.

कॉम्पटनचा खर्च मांडताना लेझर जिच्यातून बीमच्या निर्वात नळीत शिरतो, त्या व्हॅक्यूमच्या खिडकीची काच विसरू नका. आत हवा नाही, बाहेर वातावरणाचा दाब. त्या ताणाने लेझरचं ध्रुवण बिघडतं. बाहेर मोजलेला आकडा आत तसाच असेल, हे गृहीत धरू नका.