रामकुंडावरची नामावळी : साडेतीन तारे

खरं तर मोबाईलवरच्या बाळाच्या नावांच्या ॲपला एक तारा द्यायला बसले होते. पण त्याच्याबद्दल दोन ओळींत संपेल, सांगण्यासारखं आहे ते नाशिकच्या रामकुंडावरच्या गुरुजींकडच्या नामावळीबद्दल, म्हणजे घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींच्या बाडांबद्दल.

भावाला, अमोलला, मुलगा झालाय. मी आत्या, म्हणजे कानात कुर्र करायचा मान माझा आणि नाव सुचवायची कटकटही माझीच. बाबांचं वर्ष संपल्यावरच बारसं करायचं ठरलं होतं, त्यामुळे घरात वाद घालायला भरपूर वेळ मिळाला. बाळाचं नक्षत्र हस्त, चरण तिसरं, अक्षर 'ण'. ॲपला 'ण' सांगितला तर एकही नाव नाही. मग भावजयीने 'र' टाकला आणि रेयांश निघालं, अर्थ 'सूर्याचा अंश'. मी चोवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवते. रवि अधिक अंश म्हणजे रव्यंश. हा 'रे' कुठून आला ते ॲपला माहीत नाही, मलाही नाही. माझ्या यंदाच्या पाचवीच्या हजेरीपटावर विहान, विवान, अयान आणि रेयान आहेत, चौघं एकाच बाकाच्या आसपास. एकाला हाक मारली की तिघं उठतात.

आईचं म्हणणं, "ह्यांचं नाव यायला हवं. आजोबांचं नाव नातवाला, आपल्याकडे पहिल्यापासून असंच." ह्यांचं म्हणजे रमेश. भावजय काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलला.

वर्षश्राद्धाला गुरुजींनी संकल्प सांगताना तीन पिढ्या विचारल्या. वडील रमेश, आजोबा त्र्यंबक, आणि पणजोबा? अमोल माझ्याकडे बघायला लागला, मी आईकडे. पिंडाला तीन पुरुषांची नावं लागतात आणि आमची गाडी दुसऱ्यावरच थांबली. तेव्हा नामावळी निघाली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुरुजींची घराणी गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे वाटलेली असतात. आधी "गाव कोणतं?" मग "आडनाव?" आमचं सिन्नर तालुक्यातलं. लाल फडक्यात बांधलेलं आडवं लांबडं बाड आलं, आणि साधारण वीस मिनिटांत आमचं पान. इतक्या पिढ्यांतून जो कोणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला आला, त्याने कुटुंबाची नावं लिहून ठेवलेली. अलीकडची बाळबोधीत, जुनी मोडीत. तारखा शकात.

सगळ्यात वरची नोंद 1994 ची, आजोबांच्या वेळची. बाबांचं अक्षर. 'र' ला शेपटी काढायची त्यांची सवय, ती मी लगेच ओळखली. भार्या सुमन, पुत्र अमोल, कन्या 1.

कन्या 1 म्हणजे मी. पंधरा वर्षांची होते, त्या दिवशी तिथेच दुतोंड्या मारुतीपाशी सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते. गुरुजींना म्हटलं, इथे नाव घाला. ते म्हणाले, "ताई, तुमची नोंद सासरच्या पानावर." तिथे एक तारा गेला. सरकारनेसुद्धा 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावामागे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं. बाडं अजून तिथेच आहेत.

खाली जाऊ तशी आईच्या 'पहिल्यापासून'ची गंमत कळत गेली. आजोबा त्र्यंबक, त्यांचे वडील धोंडू, त्यांचे वडील त्र्यंबक, त्यांचे सखाराम. म्हणजे एकाआड एक पिढी त्र्यंबक, आणि मधे सखाराम यायला हवा होता तिथे धोंडू. का, ते शके 1816 च्या (म्हणजे 1894 च्या सुमाराच्या) मोडी नोंदीत होतं. पुत्र सखाराम, मयत. पुत्र सखाराम, मयत. पुत्र धोंडू. दोनदा आजाचं नाव ठेवलं, दोन्ही पोरं गेली. तिसऱ्याला दगड म्हणून ठेवला, म्हणजे काळाची नजर जाणार नाही. दगडू, केरू, कचरू, भिकू ही नावं आपण विनोदात वापरतो. आई मात्र बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती, मोडी वाचता येत नसूनही.

(तरुण गुरुजींनी आधी 'पांडू' वाचलं होतं. पुढच्या नोंदीशी ताडून बघायला मीच सांगितलं. अर्धा तारा इथे.)

मग रमेश कुठून आला? रिवाजाने बाबांचं नाव धोंडू यायचं. पण 1951 साली शहरात नोकरी करणारा बाप मुलाला धोंडू म्हणेल? तेव्हा रमेश, सुरेश, दिनेश, महेश यांची लाट होती, आज विहान-विवानची आहे तशी. आमच्या घरातलं पहिलं फॅशनचं नाव बाबांचंच. हे आईला तिथे सांगायचं धाडस झालं नाही, घरी सांगितलं.

आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवलं तरी हाक मारायची कोणी? पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजीच, पण जग ओळखतं नानासाहेब म्हणून. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग टोपे म्हणजे तात्या. आपले कुसुमाग्रज जन्माने गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू वामन, आणि नाशिककरांचे तात्यासाहेब. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ही नाना-तात्या-अण्णांची सोय. माझी आजी नवऱ्याचं नाव म्हणून त्र्यंबकेश्वरसुद्धा उच्चारायची नाही. "निवृत्तिनाथांच्या गावाला जाऊन आले" म्हणायची. बसच्या कंडक्टरलासुद्धा तेच सांगायची, आणि त्याला कळायचंही.

जाणार असाल तर : सकाळी लवकर जा, अमावस्या आणि पितृपक्ष टाळा. गावाचं जुनं नाव आणि माहीत असलेलं सर्वांत जुनं माणूस पाठ करून जा. आमचे गुरुजी तिसऱ्या ठिकाणी विचारल्यावर सापडले. आम्हाला पानाचा फोटो काढू दिला नाही, वही-पेन न्या. दक्षिणा 'यथाशक्ती' म्हणतात, पण दोनशे ठेवल्यावर ज्या नजरेने पाहतात तीत शक्ती बरीच असते. आम्ही 501 दिले.

शेवटी नवीन नोंद. अमोलने लिहिली, पण माझ्या हट्टाने 'बहीण' आणि पुढे माझं नाव आलं, गुरुजींनी दुसरीकडे बघितलं. "बाळाचं नाव?" अजून ठरलं नव्हतं. त्यांनी 'चि.' लिहून चार बोटं जागा सोडायला सांगितली. परतताना रिक्षात भावजय हळूच म्हणाली, "ताई, सखाराम काय वाईट आहे? सखा म्हणता येईल." आई खिडकीबाहेर बघत होती. "ते नको," एवढंच म्हणाली.

बारसं रविवारी आहे. जागा भरायला पुन्हा जाईन तेव्हा सुट्टे नेणार, कारण त्यांच्याकडे क्यूआर आहे, पण घाटावर माझ्या मोबाईलला रेंज नव्हती.