आयबीएमचा क्वांटम कॉम्प्युटर, परभणीत घरी बसून

भाच्यानं अकाउंट काढून दिलं म्हणून आयबीएमची क्वांटम सर्व्हिस वापरून बघितली. फुकटच्या प्लॅनमधे महिन्याला 10 मिनिटं मिळतात, ऐकायला कमी वाटतं पण मशीनवर छोटा प्रोग्राम काही सेकंदात उरकतो त्यामुळं शिकणाऱ्याला बास होतात. दोन क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) एकमेकांत गुंतवणारं सर्किट, म्हणजे छोटा प्रोग्राम केला, 1024 शॉट दिले म्हणजे तितक्यांदा चालवला, नियमानं 00 अन् 11 निम्मेनिम्मे यायला पाहिजेत, आले बी, पण मधेच 01 अन् 10 पण घुसलेले, ज्वारीत खडे असतात तसे. हे आजच्या कुठल्याबी कंपनीच्या मशीनीत होतं, क्यूबिट लई नाजूक. किस्किट, म्हणजे हे प्रोग्राम लिहायचं आयबीएमचं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स हाय, आमच्याकडं लाईट गेली तरी पाठवलेला जॉब तिकडं आयबीएमच्या मशीनवर चालूच!!

खटकतो तो कंपन्यांचा गाजावाजा. 2019 ला गूगल म्हणे आम्ही 53 क्यूबिटवर 200 सेकंदात जे गणित केलं त्याला सुपरकॉम्प्युटरला 10,000 वर्षं लागतील, आयबीएम म्हणे छे, अडीच दिवस. दोघांलाबी आपलाच माल विकायचाय, कुणाचं खरं धरावं? तरी आयबीएमनं 2016 ला 5 क्यूबिटची मशीन सगळ्यांला वापरायला दिली ते मानलं बुवा. इथला एक क्लासवाला हेच शिकवायचे 15 हजार मागायलता. 4 स्टार.