गजेंद्र सुरणाचं बेणं: घ्यावं का?

घ्यावं, पण कंद पारखूनच. आंध्रातल्या कोव्वूरची ही जात खाजेला कमी, गर फिकट नारिंगी. गावठी सुरणासारखी बाजूला पिल्लं म्हणजे छोटे कंद धरत नाही, त्यामुळे सगळा जोर एकाच गोल कंदात जातो. खाणाऱ्याला हे बरं, पण पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी मोठा कंदच चिरावा लागतो. हीच या जातीची खरी उणीव.

विकत घेताना कंदाच्या माथ्यावरची खळगी बघा. मधला डोळा तिथेच असतो. फोड साधारण 500 ग्रॅमची हवी आणि प्रत्येक फोडीला त्या डोळ्याभोवतीच्या गोल कड्याचा तुकडा यायलाच हवा. डोळ्याचा भाग नसलेल्या, नुसत्या बाजूच्या फोडी स्वस्त मिळाल्या तरी नकोत, त्या उशिरा फुटतात किंवा कुजतात. चिरलेल्या फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा, मग 90 × 90 सेंमीवर लावा. निचरा नसेल तर बुंध्याशी बुरशी लागून झाड आडवं होतं.

आणि ते ठिपकेदार ‘खोड’ म्हणजे एकाच पानाचा देठ! तो मोडला की कंदाची वाढ खुंटलीच. मोठ्या कंदातून कधी पानाआधी जांभळट, सडक्या मांसासारखा वास मारणारं फूल येतं. तो रोग नव्हे.

खाज कमी म्हणजे शून्य नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याही जातीत असतात. चिरताना हाताला तेल लावा, शिजवताना चिंच किंवा आमसूल घाला.