ईव्ही चार्जर घरी तपासायचा: स्वतः बनवलेला सिम्युलेटर, तयार टेस्टर की आपलीच गाडी?

एसी चार्जरच्या डब्यात तपासण्यासारख्या गोष्टी मोजक्याच. गाडीशी बोलणारी कंट्रोल पायलटची तार, वीज जोडणारा-तोडणारा रिले, आणि गळती झाली तर पुरवठा बंद करणारं संरक्षण. त्या तपासायचे मार्गही तीन: रेझिस्टर-डायोड जोडून गाडीची नक्कल करणारा सिम्युलेटर बनवा, तयार टेस्टर अडॅप्टर घ्या, किंवा सरळ गाडी लावून बघा. यातला कोणताही एक मार्ग सगळं तपासत नाही. त्यामुळे आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते आधी ठरलेलं बरं.

शिकायचं असेल तर माझं मत सरळ घरगुती सिम्युलेटरला. एसएई जे१७७२ आणि आयईसी ६१८५१-१ या दोन्ही मानकांतली ही बोलीभाषा इतकी साधी आहे की मूठभर सुट्या भागांत ती पूर्ण ऐकता येते. गाडी जोडलेली नसताना चार्जर पायलटवर स्थिर १२ व्होल्ट ठेवतो. डायोड आणि त्याच्यामागे २.७४ किलोओहमचा रेझिस्टर अर्थला जोडला की व्होल्टेज ९ वर येतं, म्हणजे 'गाडी लागली'. मग चार्जर १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल सुरू करतो. बटण दाबून १.३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर समांतर आणला की वरची पातळी ६ व्होल्टवर उतरते, म्हणजे 'वीज दे', आणि डब्यातला रिले टक् करून लागतो. खालची पातळी मात्र उणे १२ वरच राहिली पाहिजे, कारण डायोड तो अर्धा भाग अडवतो. इथे एक छान चाचणी करता येते: डायोडला बगल देणारा एक छोटा स्विच ठेवा. तो दाबल्यावर खालची पातळीही वर सरकते, आणि चांगल्या चार्जरने अशा 'गाडीला' वीज द्यायला नकार दिला पाहिजे. दिली, तर तो चार्जर भिंतीवरून उतरवण्याच्या लायकीचा.

सिग्नल मोजायला काय वापरायचं, हा प्रश्न सिम्युलेटरपेक्षा जास्त लोकांना अडवतो. नुसता मल्टिमीटर डीसीवर लावला तर तो सरासरी दाखवतो. १६ अँपिअरची परवानगी देणारा सिग्नल सुमारे २६.७ टक्के वेळ वर असतो. तेव्हा गाडी लागलेल्या अवस्थेत मीटरवर ९ नव्हे, साधारण उणे ६.४ व्होल्ट दिसतात, आणि वीज मागितल्यावर उणे ७.२. चार्जर ठणठणीत असतो, पण आकडा बघून माणूस डबा उघडायला निघतो. मीटरमध्ये फ्रीक्वेन्सी आणि ड्युटी सायकल (सिग्नल किती टक्के वेळ वर असतो ते) मोजायची सोय असेल तर बरंच काम होतं: १० ते ८५ टक्क्यांपर्यंत ड्युटीला ०.६ ने गुणलं की अँपिअर मिळतात, त्यामुळे ५३.३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. पण पातळी उतरताना लाट वाकडी होते का, खालचा भाग उणे १२ वर ठाम आहे का, हे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरच दिसतं. १ किलोहर्ट्झसाठी स्वस्तातला स्वस्त स्कोपही पुरतो. स्कोपची क्लिप फक्त अर्थवर लावायची, फेज किंवा न्यूट्रलवर कधीच नाही. डिजिटल सिग्नल टिपणारा यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर मात्र थेट लावू नका. त्याच्या इनपुटला उणे १२ व्होल्ट झेपत नाहीत.

सिम्युलेटरची धोक्याची बाजूही स्पष्ट सांगतो. गाडीचा इनलेट (चार्जरचा प्लग जिथे बसतो तो गाडीकडचा सॉकेट) आणून त्याच्या फक्त पायलट आणि अर्थच्या पिनांना तारा जोडल्या, तरी रिले लागताच फेज-न्यूट्रलच्या पिनांची मागची टोकंही जिवंत होतात. त्या पिना काढून टाका किंवा मागची बाजू इन्सुलेटेड डब्यात पूर्ण बंद करा. तसं जमणार नसेल तर हा मार्ग आपला नव्हे.

तयार टेस्टरचं मोल इथेच कळतं. गाडीच्या वेगवेगळ्या अवस्था आणि केबलचं रेटिंग नॉबवर निवडता येतं (टाइप २ प्रकारच्या प्लगमध्ये २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअरची केबल, ६८० म्हणजे २०). पायलट अर्थला शॉर्ट झाल्याची किंवा अर्थ तुटल्याची नक्कल बटणावर होते, आणि मेन्सची टोकं सुरक्षित सॉकेटमध्ये मिळतात. एकाच घरातल्या एकाच चार्जरसाठी तो विकत घेणं मला पटत नाही. ओपनईव्हीएसईसारखा खुल्या आराखड्याचा चार्जर स्वतः जोडणार असाल, किंवा मित्रमंडळींचे चार्जर तपासून देत असाल, तर मात्र घ्याच.

एक मर्यादा लक्षात असू द्या: हा टेस्टर चार्जरला फसवतो, गळतीचं संरक्षण स्वतः मोजत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीडी (गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) किती वेळात सुटते, ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखली जाते का, यासाठी वेगळं मापनयंत्र लागतं, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेणंच योग्य. फेजवरून अर्थला रेझिस्टर लावून 'बघू सुटते का' हा प्रकार तर मुळीच नको.

राहिली गाडी. तपासणीचं साधन म्हणून ती सगळ्यात मुकी: काही बिघडलं तर 'चार्जिंग एरर' एवढंच दाखवते. नव्याने जोडलेल्या, न तपासलेल्या चार्जरला ती पहिल्यांदाच लावणं म्हणजे तिच्या आतला, एसीचं डीसी करून बॅटरी भरणारा महागडा ऑनबोर्ड चार्जर पणाला लावणं. पण सिम्युलेटर आणि छोटे टेस्टर जे देऊ शकत नाहीत ते ती देते: खरा, तासन्‌तास चालणारा लोड. २३० व्होल्टवर ३२ अँपिअर म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅट. टेस्टरच्या सॉकेटला लावलेल्या पाण्याच्या किटलीने रिले लागतो हे सिद्ध होतं, पण सैल स्क्रू तापतो का हे कळत नाही. गाडीचा ऑनबोर्ड चार्जर १६ अँपिअरचाच असेल तर ३२ अँपिअरची चाचणी तिच्यानेही होणार नाही, हे आधी बघून घ्या.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी सिम्युलेटर किंवा टेस्टरवर पायलटच्या सगळ्या अवस्था, मग संरक्षणाची मोजणी, आणि गाडी अगदी शेवटी. गाडी लावल्यावर पहिला तासभर जवळ थांबा. दर थोड्या वेळाने प्लग, केबल आणि डब्याचं बाहेरून तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा चढत चालली तर चार्जिंग थांबवा, मुख्य पुरवठा बंद करा आणि मगच जोडणी उघडा.