रेझिनची डेन्सिटी मोजायला घेतलेला स्टीलचा कप, सहा महिन्यांनंतर

आधी आम्ही काचेची डेन्सिटी बॉटल वापरायचो, पाण्यासारख्या पातळ लिक्विडला ती मस्तच आहे पण मधासारखं घट्ट इपॉक्सी रेझिन तिच्या बुचातल्या बारीक केशनळीतून वर यायला जीव खातं आणि नंतर धुताना तर रडूच येतं. म्हणून हा १०० मिलीचा स्टीलचा कप घेतला, झाकणाला मधोमध भोक असलेला. रेझिन भरायचं, झाकण हळूहळू दाबायचं, जास्तीचं भोकातून वर येतं ते पुसायचं नि वजन करायचं. भरलेल्याचं वजन वजा रिकाम्याचं, भागिले व्हॉल्यूम, झालं.

पण कपावर १०० कोरलंय म्हणून डोळे झाकून १०० धरू नका, डिस्टिल्ड वॉटर भरून एकदा चेक कराच (२५ डिग्रीला पाण्याची डेन्सिटी ०.९९७० ग्रॅम/मिली धरायची), माझा ९९.८ मिली निघाला!

खरी डोकेदुखी बुडबुड्यांची. साध्या लिक्विड इपॉक्सीची डेन्सिटी १.१६ च्या आसपास यायला हवी, आत एक मिली हवा अडकली की थेट १.१५ च्या खाली. त्यात कपाचा दोष नाही म्हणा, पण स्टील असल्याने आतलं दिसत नाही हे मात्र खटकतं. मी रेझिन आधी २५ डिग्रीच्या पाण्याच्या बाथमध्ये ठेवते, हवा काढायला व्हॅक्यूम लावते आणि कडेने सावकाश ओतते.

साफ करायला ॲसिटोन लगेच, हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) मिसळलेलं रेझिन यात चुकूनही भरू नका. झाकणाची फिटिंग अजून टाईट आहे. पाचपैकी चार स्टार.