ऑडिटचं सर्टिफिकेट की बांधील करार? तिरुपूरहून माल घेणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतले बरेच छोटे ब्रँड टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरहून शिवून आणतात. धंदा वाढला, एखादं परदेशी गिऱ्हाईक मिळालं, की विचारणा होतेच: तुमचा माल शिवणाऱ्या कामगारांची स्थिती काय? उत्तर दोन तऱ्हांनी देता येतं. सोशल ऑडिटचं सर्टिफिकेट दाखवून, नाहीतर कामगार संघटनेबरोबरच्या कायदेशीर करारात उतरून.

ऑडिट स्वस्त आणि झटपट. माणसं येतात, मस्टर आणि पगारपत्रक बघतात, चार कामगारांशी बोलतात. पगार, कामाचे तास, बालमजुरी, स्वच्छतागृह, सगळंच यादीत असतं. गोम अशी की खर्च बहुतेक वेळा कारखानाच करतो आणि अहवाल कामगारांच्या हाती सहसा पडत नाही. एका कारखान्यात मी नेमका ऑडिटच्या दिवशी पोचलो होतो. मागचा जिना अगदी मोकळा. पण पायऱ्यांवरच्या धुळीत खोक्यांच्या तळाचे स्वच्छ चौकोन तसेच होते. ऑडिटरने ‘जिना मोकळा’पुढे खूण केली. त्या घटकेला ते खरंच होतं म्हणा.

कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए 8000 हे कामगारांच्या स्थितीबद्दलचं मानाचं सर्टिफिकेट मिळालं ऑगस्ट 2012 मध्ये. 11 सप्टेंबरला तिथे आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते. पुढच्याच वर्षी, 24 एप्रिलला, ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला आणि 1,134 जण मेले. तिथल्या काही कारखान्यांचंही ऑडिट झालेलं होतं. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेले, तेव्हा खालच्या बँकेने आपली माणसं बाहेर काढली. शिलाईवाल्यांना मात्र सकाळी परत कामावर बोलावलं. तडे दोघांनाही दिसत होते, पण नाही म्हणायची सोय शिलाईवाल्यांना नव्हती.

मे 2013 मधला बांगलादेश अकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षेचा बांधील करार उभा राहिला तो याच जागेवर बोट ठेवून. दोनशेहून जास्त ब्रँड्सनी इंडस्ट्रिऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांबरोबर सह्या केल्या. सोळाशेच्या वर कारखाने तपासले गेले आणि अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवले. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला झेपेल याची जबाबदारी ब्रँडवर आली, धोक्याच्या जागी काम नाकारायचा हक्क कामगाराला मिळाला. कागद नुसता कागद राहिला नाही: महासंघांनी 2016 मध्ये दोन ब्रँड्सना हेगच्या लवादापुढे ओढलं. दोन्ही प्रकरणं तडजोडीने मिटली, त्यातल्या एका ब्रँडने 23 लाख डॉलर मोजले. नुसत्या ऑडिटने ब्रँडवर अशी बांधीलकी येत नाही.

करारातही भोकं आहेतच. अकॉर्डचा भर इमारत, आग आणि वीज यांच्यावर. पगाराला त्याने हात लावला नाही. शिवाय मुख्य कारखान्याने गुपचूप जॉबवर्कला दिलेला माल नजरेआडच राहतो.

आपल्याकडचं उदाहरण तमिळनाडूतल्याच दिंडिगुलचं. एका दलित कामगार मुलीच्या खुनानंतर एप्रिल 2022 मध्ये टीटीसीयू या दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने ईस्टमन एक्स्पोर्ट्स ही कपडे बनवणारी कंपनी आणि एचअँडएम हा ब्रँड यांच्याबरोबर करार केला. गॅप आणि पीव्हीएच हे ब्रँड नंतर आले. लैंगिक छळ आणि जातीवरून होणारा त्रास यांवर नजर ठेवायला लाइनवरच्याच प्रशिक्षित बायका नेमल्या. कारखान्याने करार मोडला तर ब्रँडने धंद्यातून त्याची किंमत वसूल करायची, असं ठरलं. दोन दिवसांच्या पाहुण्या ऑडिटरला सुपरवायझरची शिवीगाळ कशी ऐकू येणार?

आता तुमचं. पाच-दहा हजार पीस घेणाऱ्याला असल्या करारावर सहीसाठी कुणी बोलावणार नाही, हे धरून चला. तेव्हा ऑडिट घ्या, पण सर्टिफिकेटची चौकट नको, पूर्ण अहवाल मागा आणि खर्च कुणी केला ते विचारा. शिपमेंटच्या आधीच्या आठवड्यात रात्री एक चक्कर मारा. दोन कारखाने दरात जवळपास असतील, तर जिथे संघटना आहे किंवा मोठ्या ब्रँडमुळे करार आधीच लागू आहे, तो निवडा. पीसमागे चार-दोन रुपये जास्त गेले तरी. एखाद्या कारखान्याचा मोठा हिस्सा तुमच्याच ऑर्डरवर चालत असेल, तर मात्र ऑडिटवर भागवू नका, संघटनेशी बोलणी सुरू करा. दोन्हींत एक गोष्ट लागू: सॅम्पल पास करायला तुम्ही तीन आठवडे घेतलेत, तर डिलिव्हरीची तारीखही तीन आठवडे पुढे न्या, नाहीतर तो उशीर कामगारांच्या ओव्हरटाइममधून भरून निघतो.